स्टॉकबुकाचा पक्ष आणि कोऱ्या पानाचा

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या कुणालाही विचारून बघा, 'साऱ्या जगाची तिकिटं जमवायची आहेत, अल्बम कुठला घेऊ?' उत्तर बहुतेक एकच येतं. 'अल्बम-बिल्बमच्या फंदात पडू नका, सरळ एक जाडसं स्टॉकबुक घ्या.' स्टेशनरीच्या दुकानात स्टॅम्प अल्बम मागितला तरी समोर येतं ते स्टॉकबुकच. पुठ्ठ्याची काळी नाहीतर पांढरी पानं, त्यांवर आडव्या पारदर्शक पट्ट्या, पट्ट्यांत तिकिटं खोचायची. हा सल्ला इतका मुरलेला आहे, की त्याला कुणी कारण विचारत नाही आणि देणाऱ्यालाही ते द्यावंसं वाटत नाही.

दुसरा एक सल्ला जुन्या, जाणत्या मंडळींकडून मिळतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये कुणी नातेवाईक असेल तर तिकडून छापील अल्बम मागवा, प्रत्येक देशाचे चौकोन आखलेले असतात, भरत जायचं. तिसरं मत असं, की जगाची तिकिटं हा पोरखेळ आहे; पक्षी, रेल्वे, गांधीजी असा एखादा विषय धरा. तिसऱ्याशी मी वाद घालणार नाही. ज्याला जग नकोच आहे त्याला जगाचा अल्बम कसला सुचवायचा? पहिली दोन मतं मात्र तपासायला हवीत, त्यातही पहिलं अधिक, कारण चलती त्याची आहे. माझं म्हणणं असं, की एका देशाच्या किंवा एका विषयाच्या संग्रहाला स्टॉकबुक एक वेळ चालेल. जगभराच्या संग्रहाला त्याच्याइतकी न मानवणारी वस्तू नाही. जगाला हवीत सुटी, कोरी पानं.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडू नये, हा आपल्याकडच्या वादाचा जुना दंडक. तेव्हा स्टॉकबुकवाल्यांचं म्हणणं पुऱ्या जोरानिशी असं. जगाचा संग्रह कधी पुरा होत नाही आणि तो क्रमानं येतही नाही. आज मिश्र पाकिटातून हंगेरीची तीन तिकिटं निघतात, उद्या कुणाच्या पत्रावरून मोझांबिकचं एक. पानावर जागा पक्की केली, तर संचातलं मधलं तिकीट उशिरा आलं की सगळं पान उसकटावं लागतं. स्टॉकबुकात तिकीट नुसतं सरकवायचं. शिवाय तिकिटाला डिंक नाही, हिंज (तिकीट पानावर चिकटवायचा डिंक लावलेला कागदाचा तुकडा) नाही, मागची बाजू कोरी राहते, किंमत टिकते. पट्टीखाली तिकीट सुरक्षित असतं. आणि वस्तू स्वस्त आहे, हाताशी मिळते.

शेवटचं कारण मला मान्य आहे. बाकीची एकेक करून घेऊ.

आधी मोकळिकीची गोष्ट. तिकीट सरकवता येतं हे खरं, पण कुठवर? त्या ओळीपुरतं, फार तर त्या पानापुरतं. स्टॉकबुक बांधलेलं असतं, त्यात मधे पान घालता येत नाही. आता हिशेब करा. मोठ्या आकाराच्या 32 पानी स्टॉकबुकात एका पानावर साधारण 9 पट्ट्या असतात, म्हणजे सगळ्या मिळून 288 ओळी. जागतिक टपाल संघाचे आजचे सदस्य देशच 192. त्यात जे देश आता नकाशावर नाहीत पण ज्यांची तिकिटं आहेत ते मिळवा: सोव्हिएत युनियन, पूर्व जर्मनी, युगोस्लाव्हिया, झांझिबार, डान्झिग, तान्नू तुवा, आपल्याकडचे हैदराबाद आणि त्रावणकोर. आकडा कित्येक शेकड्यांत जातो. प्रत्येकाला एकच ओळ द्यायची म्हटली तरी पुस्तक संपलं. आणि एकट्या हंगेरीला पाच-सहा पानं लागतात, कारण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मिश्र पाकिटांत हंगेरी, पोलंड आणि रुमानियाचाच भरणा असतो.

मग काय होतं? हंगेरी वाढली की तिच्या पुढचे सगळे देश एकेक ओळ पुढे ढकलावे लागतात. चिमट्यानं शेकडो तिकिटं उचलायची, पुन्हा खोचायची. प्रत्येक वेळी एखाद्या तिकिटाचा दाता मोडण्याची भीती. दोन-तीनदा हे झालं की माणूस कंटाळतो आणि हंगेरीची उरलेली तिकिटं मागच्या रिकाम्या पानावर टाकतो. वर्षभरात मागची पानं म्हणजे भाजीबाजार झालेला असतो. कुठल्याही अनुभवी संग्राहकाचं जगाचं स्टॉकबुक शेवटच्या आठ पानांपासून उघडून बघा, मी काय म्हणतो ते कळेल. जगाचा संग्रह वाढतो तो पानांच्या मधे वाढतो, आणि नेमकी तिथेच स्टॉकबुकात मोकळीक नाही. रिंग फायलीत कड्या उघडल्या, नवं पान घातलं, कड्या मिटल्या. एकाही तिकिटाला हात लागला नाही. संचातलं मधलं तिकीट उशिरा आलं तर एक पान पुन्हा मांडावं लागेल, हे कबूल. पण एकच पान.

आता हिंज. हिंज लावलं की तिकीट गेलं, असं आपल्याकडे ठाम सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे ते न वापरलेल्या, मागचा डिंक शाबूत असलेल्या तिकिटांपुरतं. बाजारात अशा तिकिटाला जास्त भाव मिळतो, कारण डिंकावर डाग नाही. पण जगाचा संग्रह करणाऱ्याकडे दहातली नऊ तिकिटं वापरलेली असतात. ती पाण्यात भिजवून कागदावरून सोडवलेली, त्यांचा डिंक कधीच धुऊन गेलेला. ज्याला डिंकच नाही त्याचा डिंक कसा खराब होणार? अशा तिकिटाला सुटणारं, चांगल्या प्रतीचं हिंज लावायला काही हरकत नाही. फक्त ते काढायचं तेव्हा पुरतं वाळलेलं असावं. न वापरलेल्या तिकिटांसाठी पारदर्शक माउंट मिळतात, तिकिटाच्या मापाचे कापून घ्यायचे. आणि पानावर लावलेला संग्रह टिकतो का, याचा दाखला घ्या. टी. के. टॅपलिंग या इंग्रज गृहस्थानं 1891 मध्ये मरताना आपला जगभराच्या तिकिटांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. एकोणिसाव्या शतकातले बाकी बहुतेक मोठे संग्रह पुढे फुटले, विकले गेले. काउंट फेरारीचा प्रचंड संग्रह 1921 पासून पॅरिसला लिलावात तुकड्या-तुकड्यांनी गेला. टॅपलिंगचा आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि आहे तो पानांवर मांडलेला.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. स्टॉकबुकाची स्तुती करणारे लेख थंड, कोरड्या देशांत लिहिलेले असतात. आपल्याकडे एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी. जून ते सप्टेंबर घरातला कागद हाताला ओलसर लागतो, पश्चिमेच्या भिंतीला पापुद्रे सुटतात. इथल्या लोकांना कागद जपणं नवं नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं. कसर, बुरशी आणि तांबूस डाग यांची ओळख या गावांना फार आधीपासून आहे. स्टॉकबुकात डिंक असलेलं तिकीट पट्टी आणि पुठ्ठा यांच्या फटीत दाबून बसतं. वर दुसरं पान, त्यावर तिसरं, आणि ते पुस्तक बहुतेक घरांत आडवं, इतर वह्यांच्या ढिगाखाली. ओल शिरली की डिंक पुठ्ठ्याला धरतो. दिवाळीत पुस्तक उघडलं की तिकीट निघत नाही, निघालं तर मागचा कागद घेऊन निघतं.

स्वस्त पट्ट्यांची आणखी एक खोड आहे. त्या पीव्हीसीच्या असतील तर त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य हळूहळू बाहेर पडतं आणि तिकिटाच्या शाईला लागतं. पट्टी किंवा फाइलचं प्लॅस्टिक कशाचं आहे हे दुकानदाराला विचारून कळत नाही, घरी कळतं. कोपऱ्यातून नखाएवढा तुकडा कापा, पाण्याच्या पेल्यात टाका, बोटानं बुडवून हवेचे बुडबुडे घालवा. पीव्हीसी पाण्यापेक्षा जड, ते तळाला जातं. पॉलिप्रॉपिलीन हलकं, ते वर तरंगतं. तरंगणारं घ्यावं. सुट्या पानांवर आपण हे निवडू शकतो, कारण पान वेगळं, आवरण वेगळं, फाइल वेगळी. बांधलेल्या पुस्तकात जे मिळालं ते मिळालं.

26 जुलै 2005 ला कल्याण, बदलापूरकडे उल्हासचं पाणी घरांत शिरलं, तळमजल्यांवरच्या पुस्तकांचं काय झालं ते पुष्कळांनी पाहिलं आहे. भिजलेलं स्टॉकबुक वाळवायचं कसं? उघडून ठेवलं तरी पट्ट्यांच्या आत हवा जात नाही. सुटी पानं निदान वर्तमानपत्रावर पसरता येतात.

इतकं झालं की स्टॉकबुकवाले म्हणतात, 'बरं, मग छापील अल्बम घ्या.' इथे दुसऱ्या मताशी गाठ पडते. छापील अल्बमाचा वंश मोठा आहे. पॅरिसला ज्युस्तँ लालिएनं 1862 मध्ये असा अल्बम काढला, म्हणजे पेनी ब्लॅक हे पहिलं तिकीट निघून पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. पुढे अमेरिकेत स्कॉट कंपनीचा इंटरनॅशनल अल्बम आणि मिंकसचे ग्लोबल अल्बम घरोघर गेले. स्कॉटच्या पहिल्या खंडात 1840 ते 1940 या शंभर वर्षांसाठी तीस हजारांवर चौकोन आहेत. मुलाला भूगोल शिकवायला यापेक्षा चांगलं साधन नाही, हे मी नाकारत नाही.

अडचण वेगळी आहे. चौकोन कुणी आखले? न्यूयॉर्कमधल्या माणसानं, न्यूयॉर्कमधल्या मुलाला काय मिळेल याच्या अंदाजानं. डोंबिवलीतल्या माणसाला वेगळं मिळतं. त्याला आजोबांच्या पेटीत भोर संस्थानचं तिकीट मिळू शकतं. पंत सचिवांच्या भोरनं 1879 मध्ये अर्ध्या आण्याचं आणि एक आण्याचं तिकीट काढलं, 1901 मध्ये शंकरराव पंत सचिवांच्या चित्राचं आणखी एक, आणि लवकरच कारभार आटोपला. महाराष्ट्रातल्या माणसाला भोरवर एक अख्खं पान करावंसं वाटेल. परदेशी अल्बमाला ते भारताच्या शेपटाशी लावलेल्या संस्थानांपैकी एक वाटतं. पोर्तुगीज भारताची तिकिटं 1871 पासून 1961 पर्यंतची. छापील अल्बमात ती 'पी' अक्षराखाली, पोर्तुगीज वसाहतींच्या रांगेत. ज्याचं आजोळ म्हापशाला आहे त्याला ती तिथे शोधावी लागतात. 1953 मध्ये कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीला गेलेल्या आपल्या सैन्याच्या डाकेसाठी पुराणवास्तूंच्या मालिकेतल्या तिकिटांवर देवनागरीत छाप मारला: 'भारतीय संरक्षा कटक कोरिया'. पुढच्याच वर्षी व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातल्या आपल्या तुकड्यांसाठी असेच देवनागरी छाप निघाले. ही तिकिटं भारताची की कोरियाची? छापील अल्बमानं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं असतं, आणि ते आपल्याला विचारून दिलेलं नसतं.

शिवाय रिकामे चौकोन. तीस हजारांपैकी साध्या पगारदार माणसाला पाच-सात हजार भरता आले तरी फार झालं. उरलेले आयुष्यभर पानोपानी वाकुल्या दाखवतात. जुन्या स्कॉटची पानं तर दोन्ही बाजूंनी छापलेली, पान उलटताना समोरासमोरच्या तिकिटांचे दाते एकमेकांत अडकतात. हल्ली विल्यम स्टाइनरची इंटरनेटवरून उतरवून घरी छापायची पानं मिळतात. ती सुटी आणि एकाच बाजूला छापायची, म्हणून निम्मा वाद ती माझ्या बाजूनं सोडवतात; चौकोनांचा प्रश्न उरतोच.

तेव्हा कोरं पान. त्याचं सामान साधं आहे. ए-फोर आकाराचा, आम्लरहित, जरा जाड कागद. 160 ते 200 जीएसएम असला की हिंजच्या ओढीनं वाकत नाही. डी आकाराच्या कड्यांची फाइल, कारण गोल कड्यांत पानं कडेला दुमडतात. फाइल उभी ठेवायची, गच्च भरायची नाही, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवायची नाही. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की दुपारी पानं चाळून हवा द्यायची; ऊन मात्र तिकिटांवर पडू द्यायचं नाही, रंग उडतात.

आणि पानावर लिहायचं. स्टॉकबुकाविरुद्ध माझा मोठा आक्षेप खरं तर हाच आहे, वर ओल आणि ओळींचा हिशेब मांडला असला तरी. स्टॉकबुकात लिहायला जागा नसते. तिकीट कुणाच्या पत्रावरचं, कुठल्या साली आलं, त्यावरचा शिक्का कुठल्या गावचा, हे डोक्यात राहतं आणि डोक्यातून जातं. ओळीत जास्त मावावीत म्हणून तिकिटं एकमेकांवर चढवतात तेव्हा शिक्काही झाकला जातो. कोऱ्या पानावर देशाचं नाव, साल, प्रसंग, दोन ओळी पेन्सिलीनं. अक्षर वाईट असेल तर छापून घ्या. टपाल खात्याच्या स्पर्श योजनेत 2017 पासून सहावी ते नववीच्या मुलांना तिकिटसंग्रहासाठी वर्षाला 6000 रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी मुलांकडून जो प्रकल्प मागतात तो लिहिलेल्या पानांचाच असतो. महापेक्ससारख्या प्रदर्शनांतही चौकटीत सुटी पानं लागतात. स्पर्धेपुरतं पान आणि घरी स्टॉकबुक, ही विभागणी मला कधी पटलेली नाही.

ठाण्याचंच एक पान घ्या. 16 एप्रिल 1953 ला भारतीय रेल्वेच्या शताब्दीचं दोन आण्यांचं तिकीट निघालं, त्यावर 1853 चं आणि 1953 चं अशी दोन इंजिनं. स्टॉकबुकात ते त्या वर्षीच्या दुसऱ्या तिकिटांत एक. पानावर खाली दोन ओळी लिहिता येतात: पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ती 16 एप्रिल 1853 ला, कल्याणला रूळ पोचले 1 मे 1854 ला, आणि साऱ्या हिंदुस्थानात चालणारं पोस्टाचं तिकीट सुरू झालं 1 ऑक्टोबर 1854 ला. म्हणजे ठाणे आणि कल्याण या दोन्ही गावांना आगगाडी आधी मिळाली, तिकीट मागून. ही मौज तिकिटावर छापलेली नाही. ज्याला जागा मिळाली त्यालाच ती लिहिता येते.

स्टॉकबुक फेकून द्या असं कुणी समजू नये. दुहेरी तिकिटं, बदल्यात द्यायची, अजून न ओळखलेली, यांच्यासाठी ते उत्तम आहे. अमेरिकेतून मुलांच्या पाकिटांवर येणारी हल्लीची चिकट तिकिटं तर पाण्यात सुटतच नाहीत. ती भोवती बोटभर पाकीट ठेवून कापावीत, आणि असे तुकडे पट्टीत मावत नाहीत, पानावर मावतात. काही वस्तूंपुढे मात्र पान आणि पट्टी दोन्ही हरतात. भूताननं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वाजणाऱ्या तबकड्यांची तिकिटं काढली, त्याआधी 1969 मध्ये पोलादी पत्र्याची. ती डबीतच ठेवायची.

खरी कसोटी आखाती देशांची, कारण इथल्या कितीतरी घरांत पहिलं परदेशी तिकीट तिथून आलं. एडन बराच काळ मुंबई इलाख्यातच होतं. 1937 पर्यंत तिथे हिंदुस्थानचीच तिकिटं चालत, आणि जुन्या तिकिटावर 124 या आकड्याचा शिक्का दिसला तर ते एडनला वापरलेलं. कुवेतचा छाप हिंदुस्थानच्या तिकिटांवर 1923 पासून, बहारीनचा 1933 पासून, मस्कतचा 1944 मध्ये. झांझिबारनं तर 1895 मध्येच हे केलं होतं. 1948 मध्ये पारडं फिरलं, आणि ब्रिटनच्या तिकिटांवर आणे-रुपयांचे आकडे छापून ती आखातात चालवली. राजा इंग्लंडचा, नाणं आपलं, डाक अरबांच्या गावची. ही तिकिटं छापील अल्बमात इंग्रजी अक्षरांप्रमाणे विखुरतात, स्टॉकबुकात जिथे फट सापडेल तिथे जातात. मी ती समुद्राच्या वाटेनं लावतो: मुंबई, मस्कत, बहारीन, कुवेत, मग खाली एडन आणि झांझिबार, सगळी भारताच्या पानांना लागून. कल्याणचे एक संग्राहक माझ्यासारखीच सुटी पानं वापरतात, पण कुवेत ब्रिटनच्या मागे लावतात. 1923 च्या तिकिटांपुरता मी त्यांचा पक्ष खोडून काढला आहे. 1948 च्या तिकिटांपुरता तो अजून उभा आहे.